सूत्राला परवानगी, पिंपाला मोकळीक

प्रोपिलीन ग्लायकॉल हे नाव औषध घेणाऱ्याच्या कानावर सहसा पडत नाही. तापाच्या सिरपमध्ये, खोकल्याच्या औषधात, अंगाला लावायच्या मलमात, झटके थांबवणाऱ्या इंजेक्शनात ते असते. बाटलीवरच्या बारीक अक्षरांत ते छापलेले असलेच तर अगदी शेवटी असते, आणि पुष्कळदा तेवढेही नसते. डॉक्टर औषधाचे नाव लिहितात, औषधविक्रेता मात्रा समजावतो, आईबाप वेळ सांभाळतात. औषध कशात विरघळवले आहे, म्हणजे त्याचे द्रावक कोणते, हे कुणीच विचारत नाही.

या न विचारलेल्या प्रश्नापायी आजवर शेकडो मुले गेली आहेत. नव्या औषधाला बाजारात येऊ देताना नियामक त्याचे सूत्र तपासतात. कोणता घटक, किती प्रमाणात, कशासाठी, हे सगळे कागदावर पारखून घेतले जाते. पण गेल्या अर्ध्या शतकात पातळ औषधांनी जे सामूहिक मृत्यू घडवले, त्यांतल्या बहुतेक औषधांचे सूत्र बरोबरच होते. सूत्रात लिहिलेल्या द्रावकाच्या जागी पिंपातून दुसरेच काहीतरी आले होते. म्हणून माझे म्हणणे असे की, औषधासाठी विकल्या जाणाऱ्या द्रावकाच्या प्रत्येक पिंपाची तपासणी कारखानदाराच्या मर्जीवर सोडता कामा नये. ती त्रयस्थाने करावी. आणि ते पिंप कोणी भरले, कोणाकोणाच्या हातून फिरले, तपासणीत काय निघाले, हे कुणालाही वाचता येईल अशा नोंदवहीत असावे.

मुळात हे द्रावक लागतेच कशाला? पॅरासिटामॉलचेच घ्या. साधारण तापमानाच्या एक मिलिलिटर पाण्यात ते जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळते. मुलांच्या सिरपमध्ये मात्र ५ मिलिलिटरमागे १२० ते १२५ मिलिग्रॅम औषध लागते, म्हणजे मिलिलिटरला सुमारे २५ मिलिग्रॅम. नुसत्या पाण्यात ते बसत नाही. बाटलीच्या तळाशी बसलेला साका आणि वर पाणी अशी गत होईल, आणि पहिल्या चमच्यात कमी तर शेवटच्या चमच्यात जास्त औषध जाईल. प्रोपिलीन ग्लायकॉलचा रेणू तीन कार्बनचा. त्यातल्या दोन कार्बनांवर पाण्याशी जमवून घेणारे गट आहेत, तिसरा तेलकट पदार्थांकडे झुकणारा. या दुहेरी स्वभावामुळे पाण्याला न जुमानणारी औषधे त्यात विरघळतात आणि तरीही ते पाण्यात पूर्ण मिसळते. शिवाय त्यात जंतू सहजी वाढत नाहीत. लोराझेपामच्या इंजेक्शनात सुमारे ८० टक्के भाग याच द्रावकाचा असतो, फेनिटॉइनच्या आणि डायझेपामच्या इंजेक्शनांत सुमारे ४० टक्के. झटके थांबत नसलेल्या रुग्णाच्या शिरेत औषध काही मिनिटांत पोचवायचे असते, तेव्हा या द्रावकाला सहजासहजी पर्याय सापडत नाही.

म्हणजे मी या रसायनाच्या विरोधात लिहीत नाही. पण ते अगदी निरुपद्रवी आहे असे मानणेही खरे नाही. शरीरात त्यातले बरेचसे यकृतात लॅक्टिक आम्लाच्या वाटेने मोडते आणि उरलेले लघवीवाटे बाहेर पडते. मोठ्या माणसाला सिरपमधल्या प्रमाणाचे काही वाटत नाही. अतिदक्षता विभागात दिवसेंदिवस लोराझेपाम चालू असलेल्या रुग्णांत मात्र रक्तातले आम्ल वाढल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंडे अजून तयार व्हायची असतात, त्यामुळे त्याच्या शरीरात ते साठत जाते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने सावधगिरीच्या म्हणून ज्या मर्यादा दिल्या आहेत त्यांतली दरी पाहण्यासारखी आहे: मोठ्यांसाठी आणि पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ५०० मिलिग्रॅम, त्याहून लहान मुलांसाठी ५०, आणि २८ दिवसांच्या आतल्या बाळासाठी अवघा १ मिलिग्रॅम. २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एचआयव्हीवरच्या लोपिनाविर-रिटोनाविर या पातळ औषधाबद्दल इशारा दिला, तो अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी होता. त्या औषधात सुमारे १५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ४२ टक्के अल्कोहोल होते. गुणकारी औषधच, पण ते ज्यात विरघळवले होते ते द्रावण त्या बाळांना झेपणारे नव्हते. ज्या घटकाची सुरक्षित मात्रा वयाप्रमाणे पाचशेपट बदलते, त्याचे प्रमाण बाटलीवर छापलेले नसणे मला अजिबात पटत नाही.

ही झाली अस्सल द्रावकाची गोष्ट. खरा घात होतो तो त्याच्यासारख्या दिसणाऱ्या द्रवांमुळे.

एथिलीन ग्लायकॉल आणि डायएथिलीन ग्लायकॉल ही रसायन-उद्योगातली रोजच्या कामाची द्रव्ये आहेत. एथिलीन ऑक्साइड आणि पाणी यांच्या क्रियेतून एथिलीन ग्लायकॉल बनवताना डायएथिलीन ग्लायकॉल आपसूक बाजूला पडते. वाहनांच्या इंजिनात गोठणरोधक म्हणून, ब्रेक ऑइलमध्ये, रेझिन बनवताना ती वापरतात. दिसायला रंगहीन, हाताला दाटसर, चवीला गोडसर, वास जवळपास नाहीच. हे वर्णन प्रोपिलीन ग्लायकॉललाही तंतोतंत लागू पडते, सिरपमध्ये वापरल्या जाणाऱ्या ग्लिसरीनलाही बरेचसे. पिंपाचे झाकण उघडून पाहणारा कितीही अनुभवी असो, त्याला डोळ्यांनी, बोटांनी किंवा नाकाने फरक सांगता येणार नाही.

शरीराला मात्र तो लगेच कळतो. यकृतातल्या ज्या विकराने दारू मोडते, त्याच विकराच्या वाटेने डायएथिलीन ग्लायकॉलपासून शेवटी डायग्लायकॉलिक आम्ल तयार होते आणि ते मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांतल्या पेशींमध्ये साठून त्या मारते. आधी उलट्या, पोटदुखी, सुस्ती. ताप-सर्दीने आजारी असलेल्या मुलात ही लक्षणे दिसली तर आजार वाढला असेच कुणालाही वाटते, आणि वाटून त्याच औषधाचा आणखी एक चमचा दिला जातो. मग एक-दोन दिवसांत लघवी थांबते. जे वाचतात त्यांतल्या काहींचे चेहऱ्याचे आणि हातापायांचे स्नायू पुढे लुळे पडतात. एथिलीन ग्लायकॉलची वाट थोडी वेगळी: त्यातून ऑक्झॅलिक आम्ल बनते आणि त्याचे कॅल्शियमशी झालेले स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. फोमेपिझोल हे औषध वेळेत मिळाले तर ही क्रिया अडवता येते, डायलिसिसचाही उपयोग होतो. पण विषबाधेची शंकाच आली नाही, तर तिथवर पोचायचे कसे? आणि हे मृत्यू बहुतेक वेळा अशाच ठिकाणी झाले आहेत जिथे मुलांच्या डायलिसिसची सोय नव्हती.

हे विष जगाला पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कळले ते १९३७ मध्ये. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मॅसेन्गिल कंपनीने सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचे त्या काळचे नवलाईचे औषध पातळ रूपात आणायचे ठरवले. कंपनीचे रसायनतज्ज्ञ हॅरॉल्ड वॉटकिन्स यांना ते डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळते असे आढळले. रंग, चव आणि सुगंध पाहिला गेला, विषारीपणा पाहिला गेला नाही. २४० गॅलन औषध तयार झाले, त्यात सुमारे ७२ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल होते. १०५ माणसे मेली, त्यांत ३४ मुले. अन्न व औषध प्रशासनाचे जवळजवळ सगळे निरीक्षक आणि रसायनतज्ज्ञ बाटल्या परत मिळवायला देशभर धावले. तरीही कंपनीवर खटला भरायला कायद्यात आधार सापडला तो एवढाच की, बाटलीवर 'एलिक्सर' लिहिले होते आणि एलिक्सरमध्ये अल्कोहोल असायला हवे, ते या औषधात नव्हते. विषारी औषध विकणे हा त्या वेळी गुन्हाच नव्हता. पुढच्याच वर्षी, जून १९३८ मध्ये, अमेरिकेत नवा कायदा आला आणि औषध विकण्याआधी ते सुरक्षित असल्याचे सिद्ध करणे बंधनकारक झाले. पुढे इतर देशांनीही त्याच धर्तीवर कायदे केले. शिकागोत या विषाचा अभ्यास झाला, तेव्हा त्या प्रयोगशाळेत फ्रान्सिस केल्सी नावाची तरुण विद्यार्थिनी होती. गर्भवतींनी घेतल्यास बाळांत व्यंग निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाला अमेरिकेत परवानगी नाकारणाऱ्या अधिकारी त्याच.

१९३८ चा कायदा मोलाचा होता, पण तो १९३७ च्या चुकीवरचा उपाय होता. ती चूक सूत्रातली होती: वॉटकिन्स यांनी समजून-उमजून डायएथिलीन ग्लायकॉल निवडले होते, ते विषारी आहे एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. त्यानंतर आजतागायत जे होत आले त्यात सूत्र निर्दोष आणि पिंप खोटे. सूत्र तपासणारा कायदा या दुसऱ्या प्रकाराला कसा अडवणार? आपण सगळे जवळपास नव्वद वर्षे चुकीच्या दारावर पहारा देत आहोत.

मुंबईत १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषध खरेदीतला भ्रष्टाचार आणि औषध प्रशासनाची ढिलाई चव्हाट्यावर आणली. ग्लिसरीन हे काही नवे औषध नव्हते, त्याच्या सूत्राबद्दल कुणाला शंका असण्याचे कारणच नव्हते. रुग्णालयाच्या दारात आलेला माल काय आहे, हे कुणी पाहिले नव्हते.

बांगलादेशातली कहाणी याहून मोठी आणि अधिक काळ न उलगडलेली. जानेवारी १९९० ते डिसेंबर १९९२ या काळात ढाक्याच्या एका बालरुग्णालयात मूत्रपिंडे अचानक बंद पडलेली आणि कारण न सापडलेली ३३९ मुले आली. त्यांतली २३६ वाचली नाहीत. डॉक्टरांना शेवटी दुवा सापडला तो पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये: प्रोपिलीन ग्लायकॉलच्या जागी डायएथिलीन ग्लायकॉल होते. डिसेंबर १९९२ मध्ये त्या सिरपच्या विक्रीवर बंदी आली आणि कारण न कळणाऱ्या मूत्रपिंडविकाराचे रुग्णालयात येणारे रुग्ण ८४ टक्क्यांनी घटले. एका कंपनीतल्या तिघांना शिक्षा व्हायला मात्र २०१४ साल उजाडले. या आकड्यांतली मला सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे ही मुले तीन वर्षे येत राहिली. डॉक्टर हुशार होते, कळकळीचे होते. त्यांच्या हाती नव्हती ती फक्त सिरपमध्ये काय आहे याची माहिती, आणि ती माहिती कारखान्यात पिंप उतरले त्याच दिवशी एका तपासणीत मिळाली असती.

पिंपाचा माग का हवा, हे हैती आणि पनामा या दोन देशांनी दाखवून दिले. हैतीत १९९५-९६ मध्ये पॅरासिटामॉलच्या सिरपने ऐंशीहून अधिक मुले गेली. त्यातले ग्लिसरीन चीनमधून निघून युरोपातल्या व्यापाऱ्यांच्या हातून तिथे आले होते. सोबतच्या प्रमाणपत्रावर शुद्धता ९८ टक्के लिहिलेली होती, प्रत्यक्षात सुमारे चौथा भाग डायएथिलीन ग्लायकॉल. तपास करणारे माग काढत चीनपर्यंत गेले, पण मूळ कारखान्यापर्यंत पोचू शकले नाहीत. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, पनामाच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने बनवलेल्या खोकल्याच्या औषधाने पुन्हा तेच घडले. चीनमधल्या एका कारखान्यातून निघालेली ४६ पिंपे बीजिंगमधली कंपनी, बार्सिलोनातला व्यापारी आणि पनामातला पुरवठादार अशा तीन हातांतून गेली. प्रत्येक ठिकाणी कागदावरचे आधीचे नाव गेले आणि नवे आले. वाटेत कुणीही पिंप तपासले नाही. शेवटच्या माणसाच्या हाती जो कागद आला त्यावरून मूळ कारखान्याचा पत्ता लागणे शक्यच नव्हते.

व्यापारात याला सरळ कारण आहे. खरेदीदाराला मूळ उत्पादकाचे नाव कळले तर तो पुढच्या वेळी थेट त्याच्याकडे जाईल, म्हणून मधला प्रत्येक जण ते झाकतो. इतर मालाच्या बाबतीत हे चालून जाईल. औषधाच्या द्रावकाच्या बाबतीत या सवयीचा अर्थ असा होतो की, विष कुठे शिरले हे मृत्यूनंतरही सांगता येत नाही, आणि त्याच साठ्यातली उरलेली पिंपे दुसरीकडे पोचलेली असतात.

पनामानंतर नियम कडक झाले, हे मान्य करायला हवे. अमेरिकेने २००७ मध्ये मार्गदर्शन काढले, २००९ च्या सुमारास तिथल्या औषधकोशात, म्हणजे औषधी पदार्थांच्या शुद्धतेची मानके सांगणाऱ्या ग्रंथात, ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉलच्या ओळख-परीक्षेतच या दोन विषांची चाचणी घातली आणि मर्यादा ०.१० टक्के ठेवली. हा बदल महत्त्वाचा होता, कारण त्याआधीच्या ओळख-परीक्षा ग्लिसरीन आहे का एवढेच विचारत, त्यात आणखी काय मिसळले आहे हे विचारत नसत. चौथा भाग विष असलेला मालही तशा परीक्षेत पास होऊ शकतो. आज बहुतेक देशांच्या नियमांत अशी चाचणी आहे. तरीही २०२२ उजाडले.

त्या वर्षी गांबियात सुमारे सत्तर मुले गेली, उझबेकिस्तानात साठहून अधिक, इंडोनेशियात दोनशेहून अधिक. पहिल्या दोन देशांतली सिरपे भारतात बनलेली होती, इंडोनेशियातली तिथेच. इंडोनेशियाच्या तपासात पिंपांचा उलगडा झाला: औद्योगिक ग्लायकॉलच्या पिंपांवर एका नामांकित उत्पादकाची लेबले चिकटवून ती औषधी प्रोपिलीन ग्लायकॉल म्हणून विकली गेली होती. औषध कंपनीने स्वतः चाचणी न करता पुरवठादाराच्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवली. २०२४ मध्ये पाकिस्तानातही अशीच बनावट लेबलांची पिंपे सापडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या इशाऱ्यानुसार त्यांतले एथिलीन ग्लायकॉल ०.७६ टक्क्यापासून थेट १०० टक्क्यांपर्यंत होते. शंभर टक्के म्हणजे पिंपात औषधी द्रावकाचा थेंबही नव्हता. ही पिंपे तपासणीत पकडली गेली, म्हणून ती बातमी छोटी राहिली. वेळेवर केलेल्या चाचणीने काय साधते, याचे याहून चांगले उदाहरण माझ्याकडे नाही.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात वीसहून अधिक मुले मेली. तामिळनाडूत बनलेल्या कोल्ड्रिफ सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. जिथे हजारात एक भाग ही मर्यादा, तिथे जवळजवळ निम्मे सिरप विष. २०२३ च्या जूनपासून भारतातून निर्यात होणाऱ्या खोकल्याच्या सिरपला सरकारी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र लागते. देशात विकल्या जाणाऱ्या सिरपला हा नियम लागू नव्हता. परदेशी मुलासाठी जी खात्री आवश्यक मानली, ती इथल्या मुलासाठी का मानली नाही, याचे उत्तर कुठल्याही शासकीय टिपणात देता येईल असे मला वाटत नाही.

प्रत्येक वेळी त्यानंतर जे घडते ते ठरलेले आहे. त्या नावाच्या सिरपवर बंदी, कारखान्याचा परवाना रद्द, मालकाला अटक, आणि कधीकधी औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही. लहान मुलांना खोकल्याची सिरपे सर्रास लिहून देण्याच्या सवयीवर टीका व्हायलाच हवी. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना त्यांचा फायदा फारसा नाही, हे वैद्यकशास्त्र बराच काळ सांगत आहे. पण बाटलीत विष आहे हे डॉक्टरला कळण्याचा मार्ग नव्हता. आणि खोकल्याची सगळी सिरपे उद्या बंद झाली तरी तापाचे, अपस्माराचे, एचआयव्हीचे पातळ औषध लागणारच. गोळी गिळता न येणारे मूल जोवर आहे, तोवर द्रावक लागेल, आणि द्रावकाचे पिंपही.

यावर मला ऐकू येणारा पहिला आक्षेप असा, की प्रत्येक पिंप तपासण्याचा नियम आहेच, तो पाळायला लावा म्हणजे झाले. पण तो नियम पाळला नाही तर ज्याचा पैसा आणि वेळ वाचतो, त्याच्यावरच तो पाळण्याची जबाबदारी आहे. निरीक्षक वर्षा-दोन वर्षांनी येतो, तोवर कागदावर चाचणी झाल्याची नोंद असते. २०२१ मध्ये जगभर प्रोपिलीन ग्लायकॉलचा तुटवडा होऊन भाव कडाडले होते, तेव्हा स्वस्त पिंपाचा मोह किती वाढला असेल याची कल्पना करा. मोहाच्या वेळी मोडणारा नियम मोहाच्या वेळीच हवा असतो. म्हणून नमुना कारखान्याच्या माणसाने काढू नये. पिंप कारखान्यात उतरल्यावर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या माणसाने तो काढावा, पिंपाला मोहोर लावावी, आणि निकाल येईपर्यंत ती मोहोर तुटू नये.

दुसरा आक्षेप लहान कारखान्यांचा: मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारे गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र आणि ते चालवणारा तज्ज्ञ परवडत नाही. यात तथ्य आहे, पण अर्धेच. जागतिक आरोग्य संघटनेने दोन टप्प्यांची पद्धत दिली आहे. पहिल्या टप्प्याला थिन लेयर क्रोमॅटोग्राफी पुरते; काचेची पट्टी, थोडी रसायने आणि साधारण शिकलेला माणूस. संशय आला तरच नमुना मोठ्या यंत्राकडे. अनेक लहान कारखान्यांनी मिळून एका प्रयोगशाळेचा खर्च उचलणेही अवघड नाही. आणि ज्याला एवढेही जमत नाही त्याने मुलांसाठी पातळ औषध बनवू नये, हे मी संकोच न करता लिहितो. गोळ्या बनवाव्यात, मलम बनवावे, पण हे नको.

तिसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. पुरवठादारांची नावे उघड झाली तर धंदा बुडेल, असे म्हणतात. किंमत आणि सौदा गुप्त ठेवा, त्याच्याशी रुग्णाला कर्तव्य नाही. पण पिंप कोणत्या कारखान्यात भरले, कोणत्या बॅचचे, मध्ये किती हात, कोणत्या प्रयोगशाळेने कधी तपासले आणि डायएथिलीन ग्लायकॉल किती निघाले, एवढे उघड असलेच पाहिजे. भारतात औषध नियामकाने धोक्याच्या द्रावकांची नोंद संगणकीय यंत्रणेवर ठेवण्याचे पाऊल २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उचलले, ते योग्य दिशेचे आहे. पण जी नोंद फक्त अधिकाऱ्यांना दिसते, ती अधिकाऱ्यांनी पाहिली तरच उपयोगाची. उघडी नोंद असेल तर बनावट लेबलाचा पहिला शोध ज्याचे लेबल चोरले गेले तो उत्पादकच लावेल: आपण न भरलेली बॅच आपल्या नावावर दिसली की तो गप्प बसणार नाही. रुग्णालयाचा खरेदी विभाग पाहील, दुसऱ्या देशाचा नियामक पाहील, पत्रकार पाहतील.

एक सूचना औद्योगिक बाजूची. डिनेटोनियम नावाचे अतिशय कडू रसायन काही ठिकाणी गोठणरोधकात मिसळतात, मुलांनी आणि जनावरांनी ते चुकून पिऊ नये म्हणून. ते इतके कडू असते की लाखात काही भागही जिभेला सहन होत नाहीत. मोठे रेझिन कारखाने ग्लायकॉल थेट टँकरने घेतात, त्यांना शुद्ध माल लागतो, त्यांना सोडून द्या. पण पिंपांतून, व्यापाऱ्यांमार्फत, सुटे विकले जाणारे एथिलीन आणि डायएथिलीन ग्लायकॉल कडू करूनच विकायचा नियम केला, तर ते सिरपच्या पिंपात शिरले तरी पहिल्याच चमच्याला मूल थुंकून टाकेल. याने तपासणीची गरज संपत नाही. पण जे विष गोड असल्यानेच लपते, त्याची गोडी काढून घेणे फारसे खर्चाचे नाही, आणि याचा विचार गांभीर्याने का होत नाही हे मला कळत नाही.

राहिला प्रश्न न्यायालयाचा. हे खटले वर्षानुवर्षे चालतात, कारण विष कारखान्यात शिरले, व्यापाऱ्याकडे, की मूळ उत्पादकाकडे, यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि तोवर पिंपे धुऊन टाकलेली असतात. यासाठी प्रत्येक पिंपाचा एक मोहोरबंद नमुना त्रयस्थ प्रयोगशाळेत, औषधाची मुदत संपून आणखी एक वर्ष होईपर्यंत, राखून ठेवावा. तो नमुना ज्या कारखानदाराला दाखवता येणार नाही, त्याने पिंप न तपासताच वापरले असे कायद्याने गृहीत धरावे, आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकावी.